भोपाळातलं माझं मौन

भोपाळला जाऊन आलेला माणूस आधी मोठ्या तलावाबद्दल सांगतो. मीही सांगितलं असतं, पण तलाव त-ने सुरू होतो आणि त माझा जुना वैरी आहे. परत आल्यापासून नाशिकला कॉलनीतले लोक विचारतात, "मग, कसं काय भोपाळ?" मी म्हणतो, "छान." छ-चं आणि माझं बरं आहे. लोकांना वाटतं या माणसाला प्रवासात रस नाही. म्हणून हे लिहून काढतोय. कागदावर मी अडत नाही.

मी तोतरा आहे. पण सिनेमातल्यासारखं क-क-क करत नाही. माझं उलटं होतं. शब्द ओठापर्यंत येतो आणि आतून कुणीतरी दार लावून घेतं. आवाज बंद, श्वास बंद, मान ताठ, डोळे मिटलेले. समोरच्याला वाटतं याला चक्कर येतेय. लहानपणी आईने जिभेवर वेखंड उगाळून लावलं, खडीसाखर खायला घातली, मारुतीला तेल वाहिलं. मारुतीचं भलं झालं असेल. मग मी ड्रॉइंग ऑफिसात नोकरी धरली आणि पस्तीस वर्षं कागदावर रेघा ओढल्या, कारण रेघांना बोलावं लागत नाही.

माझ्यासारखी माणसं एक धंदा आयुष्यभर करतात. अवघड शब्द दिसला की शेजारचा सोपा शब्द उचलायचा. मला कॉफी आवडते, पण मी आयुष्यभर चहा प्यायलो. आणि माझ्या मुलीचं नाव केतकी आहे. पत्रिकेतली अक्षरं के, को, हा, ही अशी होती. मला हिमानी हवं होतं. ते सांगायला मला वेळ लागला, आणि तोवर आत्याने तिच्या कानात नाव सांगून पाळणाही म्हणून झाला होता. तेव्हापासून मी तिला सोनू म्हणतो. लोकांना ते लाडाचं वाटतं. तिलाही तसंच वाटत असावं, मी कधी विचारलं नाही.

तर त्या केतकीचं भोपाळच्या निनादशी जमलं. निनाद गोविंदपुऱ्यात एका कारखान्यात इंजिनियर. त्याचे आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला गेले आणि तिथलेच झाले. वडील अरविंदरावही तिथेच सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. या घराची एक रीत आहे. साखरपुड्याच्या आधी वाङ्निश्चय होतो. त्यात गुरुजींचं संस्कृत झालं की मुलीच्या वडिलांनी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मराठीत एक वाक्य म्हणायचं: "माझी मुलगी अमुक, हिला आपल्या घरी देण्याचा शब्द मी देतो." आजोबांनी घातलेली रीत. परमुलखात राहायचं तर निदान शब्द तरी आपल्या भाषेत द्यावा, असं ते म्हणत.

हे अरविंदरावांनी फोनवर सांगितलं तेव्हा फोन माझ्या बायकोने, नलिनीने घेतला होता. फोन नेहमी तीच घेते. पुण्याला पाहण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा माझा घसा बसलाय असं दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, सांगून टाकलं होतं. त्यामुळे भोपाळच्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी मात्र दीड महिना ते एक वाक्य घोटलं. संध्याकाळी गच्चीवर जायचो आणि मांडीवर बोटाने ताल धरून म्हणायचो. तालात धरलं की मला जमतं. आमच्या लग्नात उखाणासुद्धा मी असाच घेतला होता. ते वाक्य माझ्या तोंडून, माझ्या आवाजात, मुलीचं नाव घेऊन म्हणायचं, एवढंच मी या प्रवासात मागितलं होतं.

गुरुवार, स्टेशन

गाडीचं वर्णन करत नाही. गाडी गेली आणि पोचली. डिसेंबरातली भोपाळची थंडी आपल्या नाशिकच्या थंडीची थोरली बहीण आहे. प्लॅटफॉर्मवर अरविंदराव मफलर गुंडाळून उभे होते. बुटके, गोल, डोळ्यांत सतत हसू.

"या जी या. प्रवासात तकलीफ नाही ना झाली?" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "आता तर घसा मोकळा झाला असेल तुमचा. लई गोष्टी करायच्या आहेत आपल्याला."

मी तोंड उघडलं. दादा मध्ये आला.

"याचं मौन आहे," दादा म्हणाला. "अनुष्ठान धरलंय. अकरा दिवसांचं. सोमवारी सुटेल."

मी दादाकडे पाहिलं. मग नलिनीकडे पाहिलं. ती बॅगेची चेन लावत होती, जी आधीच लावलेली होती. केतकी पुण्याला असते, पण या प्रवासासाठी ती नाशिकला येऊन आमच्याबरोबर निघाली होती. ती मोबाईलमध्ये बघत होती. म्हणजे तिघांचं आधीच ठरलं होतं आणि मलाच तेवढं माहीत नव्हतं.

हे खोटं आहे, असं मला म्हणायचं होतं. पण खोटं म्हणायला ख लागतो. तो घशात अडकला, माझी मान ताठ झाली, डोळे मिटले. अरविंदरावांना वाटलं मी हात जोडायच्या आधी देवाचं स्मरण करतोय.

"वा," ते हळूच म्हणाले. "आजच्या जमान्यात कोण करून राहिलं हो इतकं."

सामान गाडीत टाकताना दादा कानाशी आला. "अरे, चार दिवस गप्प बसायचंय फक्त. तुझ्यासाठी त्यात नवीन काय आहे?"

दादाचं माझ्यावर प्रेम आहे. शाळेत मला चिडवणाऱ्या पोरांना त्याने बदडलं होतं. तेव्हापासून माझ्या वतीने बोलण्याचा मक्ता त्याच्याकडे आहे, आणि तो कुणी परत मागेल असं त्याला कधी वाटलं नाही.

कोलार रोड

अरविंदरावांचं घर कोलार रोडवर आहे. दोन मजली, शेजारच्या घराला चिकटून बांधलेलं. तिकडे त्याला डुप्लेक्स म्हणतात आणि तसं म्हणताना छाती जरा पुढे येते. बाहेर रस्ता खणलेला, पलीकडे कोचिंग क्लासच्या पाट्या, आत देवघरात विठोबा आणि गजानन महाराज शेजारी शेजारी. घरात मराठी बोलतात, पण ती वाटेत हिंदीचा हात धरून येते. निनाद आईला म्हणाला, "आई, गीझर चालू करून देऊ का, बाबांना नहायचं असेल." बाबा म्हणजे मी. मुलगा चांगला आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांबद्दल वाईट लिहिणार आहे.

विहीणबाईंनी सकाळी पोहे आणि जिलबी केली होती. आपल्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पडते, तिथे शेव, कच्चा कांदा आणि वर बडीशेपेची चव. शेजारी गरम जिलबी. गोड आणि तिखट एकाच घासात कसं खातात हे मला बघायचं होतं. माझी बशी येईना. मग विहीणबाई आल्या.

"अनुष्ठानात कांदा-लसूण चालत नसेल ना? तुमच्यासाठी अलगच बनवलं मी. साबुदाणा."

दादाने गंभीरपणे मान डोलावली. त्याच्या मिशीला शेव लागली होती.

तीन दिवस मी साबुदाणा, उकडलेले बटाटे आणि राजगिऱ्याची पुरी खाल्ली. भोपाळच्या खाण्याबद्दल माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका.

शेजारपाजारचे मराठी लोक संध्याकाळी मला बघायला आले. एक बाई म्हणाल्या, "चेहऱ्यावरच दिसून पडतं हो, शांती." माझ्या आत त्या वेळी काय चाललं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकाने नातवाला पाया पडायला लावलं. जन्मभर माझ्या न बोलण्याला लोक हसले, आणि इथे त्याच न बोलण्याच्या ते पाया पडत होते. फरक एवढाच, की मला बोलायचंय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शुक्रवार, भोजपूर

अरविंदराव मला भोजपूरचं शिवमंदिर दाखवायला घेऊन गेले. आम्ही दोघंच. मिसरोद मागे पडलं, मग होशंगाबाद रस्ता सोडून आत वळलो. दोन्ही बाजूंना हिरवा गहू, हरभरा.

मंदिर अर्धवट आहे. हजार वर्षांपूर्वी बांधायला घेतलं आणि का कोण जाणे सोडून दिलं. आत माणसाच्या कितीतरी वर जाणारी पिंड. पण मी बाहेरच थांबलो, कारण आजूबाजूच्या खडकांवर मंदिराचे नकाशे कोरलेले आहेत. खांब, कळस, पायऱ्या, सगळं आखलेलं. त्या काळच्या आरेखकाची रेघ बघून माझे हात शिवशिवले. जे बांधायचं राहिलं ते सगळं त्याने आधी नीट काढून ठेवलं होतं. मी उन्हात बसून बोटाने रेघा गिरवत राहिलो. एवढा एक तास मला कुणाचा राग आला नाही.

अरविंदराव शेजारी येऊन बसले. न बोलणाऱ्या माणसाशी लोक फार बोलतात. त्यांनी पेरू कापला, मीठ लावलं, मला दिला आणि बोलू लागले.

"तुम्हाला सांगतो, कोणाला बोललो नाही मी हे. निनादचं याच्या आधी एक जुळलं होतं. बैतूलची मुलगी. सोन्यासारखी हो. मग पता लागलं, तिच्या भावाला फिट येते. आमच्या घरी सगळे म्हणाले, खानदानात आहे, उद्या लेकरांत उतरेल. मी फोन करून नाही म्हणून दिलं." त्यांनी पेरूची आणखी एक फोड कापली. "तिचे वडील काहीच बोलले नाहीत फोनवर. बस, ठीक आहे म्हणाले. अजून कानात आहे ते माझ्या."

मी पेरू खात होतो. उरलेली फोड बाजूला ठेवली.

"तुमच्यासारखं घर भेटलं, आता मन साफ आहे," अरविंदराव म्हणाले. "कुठे काही लपवालपवी नाही."

परत येताना ते गाडी चालवत गुणगुणत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता. राग आला तो मला माझाच, कारण माझं अडणं लपवण्यात दादाचं बरोबर होतं हे मला त्या खडकावर कळलं होतं.

शनिवार, चौक

वाङ्निश्चय दुसऱ्या दिवशी होता, म्हणून सकाळी सगळे हॉलच्या तयारीत होते. मी एकटाच बाहेर पडलो आणि बस धरून जुन्या शहरात चौकात गेलो. तिथल्या गल्ल्यांत मीठ घातलेला चहा मिळतो. एका टपरीवर बसलो. चहावाला साठीचा, पांढरी दाढी, हातात पळी. बोट दाखवून भागलं असतं. पण पहिला घोट घेतला तर समुद्र. मला दुसरा कप हवा होता, कमी मिठाचा. कम नमक. क.

तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं आणि माझं मौन कुणाला ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं. दार बंद झालं. मान ताठ, डोळे मिटलेले. आता हा म्हणेल "कम शक्कर?" किंवा "कितने?" सगळे म्हणतात. माणसं माझी वाक्यं पुरी करतात आणि मग आपण मदत केली म्हणून प्रसन्न होतात.

हा काहीच म्हणाला नाही. मी डोळे उघडले तर तो पळी हातात धरून माझ्याकडे बघत थांबला होता.

"आराम से बोलो मियां," तो म्हणाला. "इधर किसी की रेल नईं छूट रई."

तो थांबला. मागचं गिऱ्हाईकही थांबलं. मी मांडीवर बोट मारलं, एक, दोन, आणि शब्द बाहेर आला.

"कम नमक."

"कम नमक," त्याने आत हाक दिली आणि दुसऱ्याचा चहा गाळू लागला. ना कौतुक, ना कीव. मला तिथेच रडू येईल की काय असं वाटलं. बासष्ट वर्षांत मला लोकांकडून एवढंच हवं होतं, आणि ते मला एका चहावाल्याने दिलं, ज्याचं नावही मी विचारलं नाही.

घरी परतलो तेव्हा केतकी अंगणात मेंदी वाळवत बसली होती. मी खिशातली वही काढली आणि लिहिलं: उद्या वाक्य मी म्हणणार.

तिने वाचलं. चेहरा उतरला.

"बाबा, प्लीज," ती म्हणाली. "एकच दिवस. काका म्हणतील ना. तुम्ही फक्त मान हलवा."

मी लिहिलं: तुला लाज वाटते?

"लाज नाही हो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "निनादला सांगेन मी. लग्न झाल्यावर सांगेन. त्या बैतूलच्या मुलीचं तुम्हाला माहीत नाही."

माहीत होतं. मी वही मिटली. तिचे हात मेंदीने भरलेले होते म्हणून मी तिचे डोळे पुसले. तिने माझ्या प्रश्नाला नाही म्हटलं होतं, पण ते सोप्या शब्दांत म्हटलं होतं, आणि सोपे शब्द कशासाठी वापरतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

रविवार, हॉल

मराठी मंडळाचा हॉल भरला होता. गुरुजींचं संस्कृत झालं. मग ते म्हणाले, "आता मुलीच्या वडिलांनी शब्द द्यायचा."

दादा उठला. "यांचं मौन आहे, मी थोरला भाऊ." लोकांनी समजून माना हलवल्या. दादाने कोट सारखा केला, घसा साफ केला. त्याचा आवाज मोठा आहे, भरदार आहे. "माझी पुतणी केतकी," तो म्हणाला. किती सहज म्हणाला. पान खाऊन थुंकावं तितकं सहज.

मी उभा राहिलो. ठरवून नाही. उद्या मी म्हणणार असं लिहिलं होतं खरं, पण मेंदीच्या हातांनी ते खोडून टाकलं होतं. पाय आपोआप सरळ झाले. मी दादाच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं. हॉलमध्ये कुजबूज झाली आणि थांबली.

"माझी मुलगी," मी म्हणालो. नीट म्हणालो. आवाज मलाच अनोळखी वाटला.

मग दार बंद झालं.

मान ताठ झाली. डोळे मिटले. जीभ टाळूला मागे चिकटली. मी मांडीवर बोट मारलं. एक. दोन. मला घाई नव्हती. चहावाल्याचा चेहरा मी समोर आणला. आतलं दार हलतंय हे मला कळत होतं. जन्मभर ज्याने या दाराशी झटापट केलीय त्याला ते कधी उघडणार हे कळतं. अजून एक बोट, फार तर दोन.

"केतकी," केतकी म्हणाली.

मी डोळे उघडले. ती पाटावरून अर्धी उठली होती. चेहरा पांढरा. माझ्याकडे नाही, अरविंदरावांकडे बघत होती. "केतकी हिला आपल्या घरी देण्याचा शब्द मी देतो," तिने एका दमात सगळं म्हणून टाकलं, माझ्या वतीने, आणि खाली बसली.

तिच्यादेखत मी पहिल्यांदा तिचं नाव घेणार होतो. ते तिनेच घेतलं.

अरविंदराव उठले. आता कळलं, मला वाटलं. आता हे विचारतील, खानदानात आहे का. ते पुढे आले, त्यांचे डोळे भरले होते, आणि मुलाच्या बापाने कधी करू नये ते त्यांनी केलं. माझ्या पायांना हात लावला.

"मुलीसाठी मौन तोडलं जी यांनी," ते हॉलकडे वळून म्हणाले. "अकरा दिवसांचं अनुष्ठान. किती दिवस जबान बंद, अकडून नाही जाणार तर काय होईल? तरी बाप उभा राहिला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गुरुजी प्रायश्चित्त सांगू लागले, तर अरविंदराव म्हणाले, "ते मी करून देतो यांच्या वतीनं. भोजपूरला अभिषेक." माझ्या वतीने करणाऱ्यांत आणखी एकाची भर पडली.

दादा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बघ, सगळं निभावलं."

जेवणात मला पहिल्यांदा सगळं वाढलं, कारण मौन सुटलं होतं. कांदा, लसूण, सगळं. कशालाच चव नव्हती.

नाशिक

आता अरविंदरावांचे फोन येतात. नलिनी घेते. यांचा घसा जरा, असं म्हणते. लग्न मार्गी लागेपर्यंत माझा घसा बरा होणार नाही असं दिसतंय. भोपाळ शहर चांगलं आहे. थंडीत जा, भोजपूरचे खडक बघा, चौकातला चहा कमी मिठाचा मागा.

परवा दुपारी केतकीचा पुण्याहून फोन आला. नलिनी भाजी आणायला गेली होती म्हणून मीच घेतला. ती इकडचं तिकडचं बोलली. मग मुद्द्यावर आली.

"बाबा, त्या दिवशी मी मध्येच बोलले. तुमचं झालं असतं का? राग आला तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. नाही मला कधीच अडत नाही.

"खरं?"

"हो, सोनू."

तिला हायसं वाटलं, आवाजावरून कळलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. घरात कुणी नव्हतं. ओट्याला टेकून उभा राहिलो आणि म्हणालो, "केतकी." मांडीवर बोटही मारलं नाही. पुन्हा म्हणालो. मग सगळं वाक्य म्हणालो, माझी मुलगी केतकी, हिला आपल्या घरी देण्याचा शब्द मी देतो. मोठ्याने, हॉलच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. पाच-सहा वेळा म्हटलं. एकदाही अडलं नाही.

मग नलिनीने दाराची कडी वाजवली आणि मी गप्प झालो.